सदिच्छा मंडळाचा अहवाल

दरवर्षी १७ सप्टेंबरला नांदेड-लातूरकडे मुक्तिसंग्राम दिन साजरा होतो, आणि तो व्हावाच. रझाकारांचा छळ या भूमीने सोसला आहे. परंतु १९४८ च्या ‘पोलीस कारवाई’नंतर मुसलमान वस्त्यांवर जे ओढवले, त्याची विचारपूस कशी झाली?

पंतप्रधान नेहरूंच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार व मौलाना अब्दुल्ला मिसरी २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर संस्थानात हिंडले. मृतांचा त्यांचा अंदाज २७ ते ४० हजार. सर्वाधिक होरपळलेल्या चार जिल्ह्यांत नांदेड आणि उस्मानाबाद होते. कासिम रझवीचे लातूर तेव्हा उस्मानाबादेतच मोडे. तेथे संहार वीस दिवसांहून अधिक चालला. लुटीत, काही ठिकाणी हत्येतही, सैनिक सामील होते असे अहवाल सांगतो. जनरल चौधरींच्या शिस्तीची त्यात प्रशंसाही आहे.

पण हे ‘सदिच्छा’ मंडळ. आपण चौकशी आयोग नव्हे, असे त्यांनी स्वतःच लिहिले. सत्ता लष्करी गव्हर्नर चौधरींची, म्हणजे आरोप ज्या फौजेवर तिच्याच सेनानीची. स्वतःच्या खटल्यात कोणी न्यायाधीश होऊ नये, हे आम्हांला सेमिनरीत कॅनन लॉच्या तासाला शिकवत. गृहमंत्री पटेलांनी तर शासनाने असे मंडळ पाठवल्याचेच नाकारले.

चौधरी १९६२ मध्ये लष्करप्रमुख झाले. अहवालातील उतारे अधूनमधून बाहेर आले. पूर्ण मजकूर पुस्तकात येण्यास २०१३ उजाडले. हिंदू विणकरांनी जिवावर उदार होऊन मुसलमान विणकरांना वाचवल्याची नोंदही त्याच दप्तरात पडून होती.