अमक्याची बायको, तमक्याची आई : पहिल्या मतदार यादीतून गळालेल्या २८ लाख बायका

आजच्या भागात मतदानाबद्दल बोलायचंय. म्हणजे खरं तर मतदान न करणाऱ्यांबद्दल.

मतदानाच्या दिवशी जो तो शाई लावलेलं बोट दाखवत असतो. त्यात एखादा मात्र गप्प असतो. खोदून विचारलं की हळूच म्हणतो, "अहो, माझं नावच नाही यादीत." मग समोरचे त्याला आळशी ठरवून मोकळे होतात. कधीकधी ते खरंही असतं. पण आपल्या देशात यादीत नाव नसण्याचा इतिहास आळसापासून सुरू होत नाही. तो सुरू होतो एका साध्या प्रश्नापासून : "बाई, तुमचं नाव काय?"

जरा मागे जाऊ. १९३५ च्या कायद्याखाली ब्रिटिश हिंदुस्थानात प्रांतिक निवडणुकीचा मताधिकार तीन कोटींच्या आसपास लोकांना होता. जमीन, कर, शिक्षण अशा अटी होत्या. बायकांना मत मिळण्याची एक वाट तर नवऱ्यावरूनच जायची. नवऱ्याकडे ठरावीक मालमत्ता असली, की त्याची बायको म्हणून तिला मत. म्हणजे बघा, "अमक्याची बायको" ही तेव्हा नुसती घरातली ओळख नव्हती, ती कायद्याने मान्य केलेली पात्रता होती.

स्वातंत्र्यानंतर हे सगळंच उलटंपालटं झालं. २१ वर्षांवरच्या प्रत्येकाला मत द्यायचं ठरलं. राज्यघटना अजून लिहून व्हायची होती, तरी १९४८ पासून याद्यांच्या तयारीला सुरुवात झाली. सरकारी कर्मचारी घरोघर जाऊन नावं लिहू लागले. आणि उत्तरेकडच्या अनेक घरांत दारात आलेल्या परक्या पुरुषाला बाईचं नाव सांगायचीच पद्धत नव्हती. मग वहीत काय लिहिलं गेलं? अमक्याची बायको. तमक्याची आई. फलाण्याची मुलगी.

मार्च १९५० मध्ये सुकुमार सेन पहिले मुख्य निवडणूक आयुक्त झाले. मूळचे आयसीएस अधिकारी, गणिताचे विद्यार्थी. या नोंदी पाहून त्यांनी आदेश दिला, की मतदाराचं स्वतःचं नाव हा त्याच्या ओळखीचा आवश्यक भाग आहे आणि ते लिहिलंच पाहिजे. बायकांनी नावं सांगावीत म्हणून प्रयत्न झाले. बिहारमध्ये तर त्यासाठी एक महिन्याची खास मुदतवाढ दिली गेली आणि बऱ्याच जणींनी तिचा फायदाही घेतला. तरीसुद्धा शेवटी देशातल्या साधारण ८ कोटी स्त्री मतदारांपैकी सुमारे २८ लाख जणींची नावं यादीबाहेर राहिली. बहुतेक सगळ्या बिहार, उत्तर प्रदेश, मध्य भारत, राजस्थान आणि विंध्य प्रदेशातल्या.

पहिली सार्वत्रिक निवडणूक ऑक्टोबर १९५१ ते फेब्रुवारी १९५२ अशी चालली. मतदार होते १७ कोटींहून जास्त. एवढ्या मोठ्या आकड्यात २८ लाख लहान वाटतात. पण शंभर बायकांमागे तीन-चार जणी, असं म्हटलं की गल्लीतली घरं डोळ्यांसमोर येतात.

आता प्रश्न असा, की सेन यांचं बरोबर होतं का?

त्यांच्या बाजूने बोलायचं तर मुद्दा भक्कम आहे. "रामलालची बायको" या नोंदीवर मतदान केंद्रात कोण येईल आणि तिला ओळखायचं कसं? आणि त्याहून मोठी गोष्ट : ही नोंद तशीच चालवून घेतली असती, तर नव्या प्रजासत्ताकानेही बाईला नवऱ्याच्या खात्यावरच मत दिलं असतं. १९३५ आणि १९५० मध्ये मग फरक तो काय राहिला? या निर्णयावर ओरड झाली तर होऊ दे, पुढच्या निवडणुकीपर्यंत ही रूढी ढिली पडायला तिची मदतच होईल, असा सेन यांचा हिशेब होता.

पण दुसरी बाजूही ऐका. याच याद्या बनवताना फाळणीतून आलेल्या निर्वासितांचा पेच आला होता. यादीत यायला ठरावीक काळ त्या जागी राहिलेलं असणं गरजेचं होतं. कालच छावणीत उतरलेला माणूस ते कुठून दाखवणार? तेव्हा सरकारने नियम वाकवला. "मी इथेच कायम राहणार आहे" एवढं त्याने जाहीर केलं की झालं. म्हणजे निर्वासिताला एक वाक्य बोलायचं होतं, बाईला एक शब्द. फरक इतकाच, की तो शब्द उच्चारायला तिला घराची परवानगी लागत होती. रूढी घराने लादली आणि मत गेलं तिचं. तेव्हा सेन यांचं तत्त्व चुकलं असं मी म्हणणार नाही, पण त्याची किंमत ज्यांनी मोजली त्यांना कुणी विचारलं नव्हतं, हेही विसरता येत नाही.

आपल्याकडे याला वेगळाच पदर आहे. मुंबई प्रांतात मर्यादित का होईना, बायकांना १९२१ मध्येच मताधिकार मिळाला होता. इथे बाईने नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, घ्यायचंच तर उखाण्यात. पण स्वतःचं नाव? तेही अनेक घरांत लग्नात बदलायचं, ताटातल्या तांदळावर नवं नाव लिहून. मग जुनं नाव माहेरच्या यादीत पडून राहतं आणि सासरच्या यादीत नवं चढलेलं नसतं. बाई दोन्हीकडची, आणि मत कुठलंच नाही. ही भानगड आजही संपलेली नाही, आणि नोकरीसाठी गाव सोडलेल्या पोरांचंही साधारण हेच होतं.

म्हणून कुणी "माझं नाव नाही" असं कबूल केलं, तर टोमणा मारण्याआधी "का नाही?" एवढं विचारा. आणि तो माणूस तुम्हीच असाल, तर लाजत बसू नका. नवीन नावासाठी फॉर्म ६, पत्ता बदलला असेल किंवा नोंदीत दुरुस्ती हवी असेल तर फॉर्म ८. पूर्वी १ जानेवारी ही एकच पात्रता तारीख होती. २०२२ पासून वर्षात चार झाल्यात. मात्र एक लक्षात ठेवा. उमेदवारी अर्जाची मुदत संपली की त्या निवडणुकीपुरती यादी बंद होते, आणि हातात ओळखपत्र असलं तरी यादीत नाव नसेल तर मत देता येत नाही.

त्या २८ लाख जणींना नाव सांगता आलं नाही. आपल्याला येतं. तेवढं सांगून टाका.