बंद म्हणजे नक्की किती बंद?

दुसऱ्या नोकरीचा पहिला पगार झाला तेव्हा मी एक जुनं वाह पेडल घेतलं. सेकंडहँड, रंग उडालेलं, पायाखाली किरकिरणारं. महिनाभर हौसेने वाजवलं, मग कंटाळा आला. पण बोर्डवरून काही काढलं नाही. बंदच तर आहे, राहू दे.

पुढचं दीड वर्ष मला माझ्या अ‍ॅम्पचा आवाज आवडेना. स्पीकरवर कुणीतरी गोधडी टाकावी तसा मंद, दबलेला. तारा बदलल्या, पिक बदललं, आपली बोटंच बिघडली असंही वाटून गेलं. शेवटी अ‍ॅम्प तोट्यात विकला आणि दुसरा आणला. त्यातही तोच आवाज! मग एका रविवारी बोर्ड मांडायचा आळस केला आणि गिटार सरळ अ‍ॅम्पला जोडली. खणखणीत आवाज आला. दीड वर्ष ज्याने आवाज खाल्ला ते पेडल त्या सगळ्या काळात बंद होतं.

फीचर फ्लॅग ऑफ असूनही मागे कोड चालूच राहतो आणि रात्री दोनला आपल्याला उठवतो, हे मला नोकरीमुळे माहीत होतं. पायाखालच्या स्टीलच्या बटणावर मात्र मी डोळे मिटून विश्वास ठेवला होता. हे बटण असं का बनवलं असेल हे शोधायला लागलो आणि साठ वर्षं मागे गेलो.

आधी थोडं सर्किट. इलेक्ट्रिक गिटारचा पिकअप म्हणजे चुंबकाभोवती बारीक तारेचे हजारो वेढे. त्यातून निघणारा सिग्नल फार अशक्त असतो. पुढच्या सर्किटने जास्त करंट ओढला तर तो कोलमडतो, आणि आधी जातात ते वरचे सूर, म्हणजे आवाजातली धार. म्हणून अ‍ॅम्पच्या इनपुटला साधारण १ मेगाओहमचा रेझिस्टर असतो. त्याचा सिग्नलवर भार जवळपास पडतच नाही. जुन्या वाहचं इनपुट मात्र १०० किलोओहमच्या आसपास, म्हणजे दहापट जड. ते सिग्नलला जोडलेलं राहिलं तर वाह वाजो वा न वाजो, आवाज खाणारच.

पण बंद असताना ते जोडलेलं का राहतं?

इफेक्ट पेडलची गोष्ट बहुतेकदा नॅशव्हिलपासून सांगतात. मार्टी रॉबिन्सच्या 'डोन्ट वरी' या गाण्याच्या रेकॉर्डिंगमध्ये मिक्सिंग कन्सोलचा एक चॅनल बिघडला आणि ग्रेडी मार्टिनचा बेस सोलो फाटक्या, घोगऱ्या आवाजात टेप झाला. गाणं १९६१ मध्ये हिट झालं. इंजिनियर ग्लेन स्नॉडी यांनी तो बिघाड ट्रान्झिस्टर वापरून मुद्दाम घडवणारं सर्किट तयार केलं आणि गिब्सन कंपनीला दिलं. १९६२ मध्ये ते मेस्ट्रो फझ-टोन या नावाने बाजारात आलं. सुरुवातीला त्याला फारसं कुणी विचारलं नाही. १९६५ मध्ये कीथ रिचर्ड्सने 'सॅटिस्फॅक्शन'मध्ये ते वाजवलं आणि दुकानं रिकामी झाली. ते रेकॉर्डिंग हेडफोन लावून ऐका. रिफ परत येण्याआधी पेडलवर पाय पडल्याचा 'टक्' ऐकू येतो. गाण्याच्या मधेच आवाज बदलायचा, तोही हात न थांबवता, पायाने. त्या काळात सगळं लक्ष या 'चालू' होण्याकडे होतं. पेडल बंद असताना काय होतं हा प्रश्न कुणाला फारसा पडत नव्हता.

वाह पुढच्याच वर्षी आलं. १९६६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या थॉमस ऑर्गन कंपनीत ब्रॅड प्लंकेट हा तरुण इंजिनियर व्हॉक्स अ‍ॅम्पमधल्या एका महागड्या स्विचच्या जागी स्वस्तातलं पोटेंशियोमीटर बसवून बघत होता. नॉब फिरवला की आवाज 'वा-वा' करायचा. ते सर्किट ऑर्गनच्या व्हॉल्यूम पेडलमध्ये बसवलं आणि वाह तयार झालं. म्हणजे या यंत्राचा जन्मच काटकसरीतून झालेला. बायपासच्या बटणातही तीच काटकसर होती. त्यात एकच पोल असलेला साधा स्विच बसवला. असा स्विच फक्त आउटपुटची बाजू बदलतो: अ‍ॅम्पकडे इफेक्टमधला आवाज जाणार की गिटारचा थेट, एवढंच तो ठरवतो. इनपुटची बाजू तो सोडवतच नाही. पेडल 'बंद' केलं तरी सर्किट गिटारला जळूसारखं चिकटून राहतं. दोन पोलचा स्विच वापरला असता तर दोन्ही बाजू सुटल्या असत्या. पण तो महाग. आणि तेव्हा बहुतेकांकडे पेडल असायचं एखादंच, त्यामुळे चालून गेलं.

सत्तरच्या दशकात पेडलांची संख्या वाढली तसं हे चालेना. यावर जपानमधून वेगळंच उत्तर आलं. रोलँडच्या बॉस या ब्रँडने १९७७ मध्ये तीन छोटी पेडलं आणली: ओव्हरड्राइव्ह, फेझर आणि स्पेक्ट्रम. त्यांत पायाखालचं बटण सिग्नलला हातच लावत नव्हतं. ते फक्त एका इलेक्ट्रॉनिक सर्किटला खूण करायचं आणि आवाजाची वाट ट्रान्झिस्टर बदलायचे. 'टक्' नाही, झिजणं कमी. शिवाय पेडल बंद असतानाही सिग्नल बफरमधून जायचा. बफर आवाज वाढवत नाही. तो गिटारवर भार टाकत नाही आणि पुढच्या लांब केबलला मात्र दमदार सिग्नल देतो. १९७९ च्या आयबनेझ ट्यूब स्क्रीमरमध्येही हीच पद्धत होती.

इथे 'बंद' या शब्दाचा अर्थच बदलला. वाह बंद असताना आवाज खायचं, बॉसचं पेडल बंद असतानाही राबायचं. पुरावा हवा असेल तर त्याची बॅटरी संपू द्या. पेडल बंद असो वा चालू, गिटार मुकी होते.

आता यावर कुणाची तक्रार नसावी असं वाटेल. पण जुन्या वाहांनी पोळलेल्या वादकांचा 'बंद' पेडलांवरचा विश्वास उडाला होता. लॉस एंजेलिसमध्ये बॉब ब्रॅडशॉने ऐंशीच्या दशकात मोठ्या वादकांसाठी अशा स्विचिंग सिस्टिम बांधल्या, की न लागणारं पेडल वाटेतून पूर्ण बाहेर राहील. सामान्यांसाठी नव्वदच्या दशकात छोट्या कारखानदारांनी 'ट्रू बायपास' आणला. पेडल बंद केलं की आत फक्त एक वायर उरते. दोन पोल आवाजासाठी आणि तिसरा एलईडीसाठी, असा तीन पोलचा स्विच त्यासाठी रुळला. 'ट्रू' या शब्दाने अर्धी विक्री केली असावी. बाकीचे बायपास मग आपोआप खोटे ठरले.

पण वायरही निष्पाप नसते. गिटारची केबल दर मीटरला ढोबळमानाने १०० पिकोफॅरड कपॅसिटन्स घेऊन येते. २.५ हेन्रीचा पिकअप आणि ३ मीटर केबल असेल, तर आवाजातली चमक साधारण ५.८ किलोहर्ट्झपाशी येते. स्टेजवर बोर्डपर्यंत ६ मीटर, तिथून अ‍ॅम्पपर्यंत ६ मीटर, मधल्या जोडण्या धरून १५ मीटर झाले की ती २.६ किलोहर्ट्झपर्यंत खाली घसरते. बोर्डवरची आठही पेडलं ट्रू बायपास असली तरी गोधडी पुन्हा स्पीकरवर! पिंक फ्लॉइडच्या डेव्हिड गिल्मरचे बोर्ड बांधणारे पीट कॉर्निश याच कारणासाठी ट्रू बायपासच्या विरोधात राहिले. त्यांचा भरवसा नीट बांधलेल्या बफरवर होता.

मग सगळीकडे बफर लावावेत का? १९६६ चं फझ फेस हे पेडल त्याला तयार नाही. त्याचं इनपुट मुद्दाम म्हणावं इतकं जड आहे आणि त्याला गिटारचा अशक्त सिग्नलच लागतो. गिटारचा व्हॉल्यूम थोडा कमी केला की त्याचा फझ निवळतो, ही त्याची खरी गंमत. आधी बफर ठेवला तर ती जाते आणि आवाज कर्कश होतो. हे पेडल वाजवणारा हेंड्रिक्स स्टेजवर अनेकदा लांब गुंडाळीची केबल वापरायचा. तसली केबल वरचे सूर भरपूर खाते. ज्या आवाजाला आपण 'अस्सल' म्हणून पुजतो, त्यात ती केबलही वाजते आहे.

तेव्हा गिटारचा 'शुद्ध' आवाज शोधायचा तर कुठे थांबायचं? केबल काढून टाकली तर ऐकायला काहीच उरत नाही. हे कळल्यावर मी शुद्धतेचा नाद सोडला आणि साधा हिशोब केला. फझ सगळ्यांत पुढे, त्यामागे एक बफर, मग बाकीची पेडलं. आता नवं पेडल आणलं की ते आधी बंद ठेवून ऐकतो, मग बोर्डवरून काढून ऐकतो. चालू करायची पाळी त्यानंतर येते.

जुनं वाह विकलं नाही. त्याचा एक पोलचा स्विच काढून दोन पोलचा बसवला. सोल्डरिंगसकट अर्धा तास लागला. विकलेला अ‍ॅम्प तेवढा परत मिळाला नाही. त्याच्यात काहीच बिघडलं नव्हतं.