अक्षरांच्या डोक्यावरचे अंक

सामवेदाची छापील संहिता उघडली की आपण चुकून बीजगणित हाती घेतलं की काय, असं वाटतं. अक्षरांच्या डोक्यावर बारीक १, २, ३. ते घातांक नव्हेत, स्वर आहेत: १ म्हणजे उदात्त, २ स्वरित, ३ अनुदात्त. ऋग्वेदात अंकांऐवजी रेघा येतात. अनुदात्ताखाली आडवी, स्वरितावर उभी, उदात्त बिनखुणेचा. मैत्रायणी आणि काठक संहितांत तीच उभी रेघ उदात्तावर चढते. तेव्हा एका शाखेचा सराव दुसऱ्या शाखेत जुळाऱ्याला हमखास दगा देणार.

ओळ सोडून वर-खाली जाणारी खूण छापखान्याला नेहमीच महाग पडते. गणिताची असो वा वेदाची.

मिरजेला १८०५ मध्ये गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयाने गीता छापली गेली ती तांब्याच्या पत्र्यांवर उलटी अक्षरं कोरून. पत्र्यावर रेघ हवी तिथे ओढता येते. मात्र तो पत्रा त्या एका पानापुरताच. खिळे सुटे असतात, पुन्हा पुन्हा वापरता येतात, पण तिथे प्रत्येक खुणेला शिसं लागतं. देवनागरीत मात्रा, रफार, उकार यांनी वरची-खालची जागा आधीच अडवलेली. त्यांना ओलांडून स्वर बसवायचे.

साताऱ्याजवळच्या औंध संस्थानात पंडित सातवळेकरांनी हे काम अंगावर घेतलं. १९१८ च्या सुमारास ते तिथे आले. मूळचे चित्रकार, संस्थानाधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधीही चित्रकारच. रेघ केसभर सरकली तर काय बिघडतं, हे दोघांनाही समजावून सांगावं लागलं नसणार! त्यांच्या स्वाध्याय मंडळाने औंधातून सस्वर संहिता काढल्या; ऋग्वेदाची १९४० ची आवृत्ती अभ्यासकांच्या संदर्भसूचीत आजही ‘औंध’ या नावानिशी भेटते. १९४८ मध्ये मंडळ गुजरातेत पारडीला गेलं.

चुकीची किंमत परंपरेला ठाऊक होती. वैदिक कथेतल्या त्वष्ट्याला इंद्राला मारणारा पुत्र हवा होता. ‘इंद्रशत्रु’ म्हणताना स्वर चुकला, अर्थ उलटला आणि इंद्रच त्या पुत्राचा काळ ठरला. मुद्रितशोधकांनी ही गोष्ट भिंतीवर लावायला हरकत नाही.

संगणकावर रेघा लवकर आल्या, अंक मागे राहिले. २००९ मध्ये युनिकोडच्या ५.२ आवृत्तीत अक्षरावर बसणारे ० ते ९ हे देवनागरी अंक दाखल झाले आणि सामगायकांना लागणारी क, र, उ ही छोटी अक्षरंही त्यांच्यासोबत आली.