पत्र्याच्या डॅशबोर्डानंतर

पाचोऱ्याहून जामनेरला जायला 56 किलोमीटरची नॅरोगेज होती, लोकांच्या तोंडी 'पीजे'. रुळांपासून लांब असलेल्या गावांच्या वाट्याला काळीपिवळी जीप यायची. तिचा डॅशबोर्ड म्हणजे रंग दिलेला पत्रा. विळा-पहार घासली, ओरखडा उठला, तर चालक रंगाचा एक हात मारून मोकळा. 1947 पासून महिंद्रांनी मुंबईत जुळवलेल्या विलीज जीपा असोत की कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यातल्या सुरुवातीच्या फियाट, समोर पत्राच असे.

1983 मध्ये मारुती 800 आली आणि साच्यातून निघालेला प्लास्टिकचा डॅशबोर्ड मध्यमवर्गाच्या घरात पोचला. वजन कमी, जोडकाम कमी.

पुढे या कामात पॉलिप्रॉपिलीनने बाजी मारली. इटलीत जुलिओ नात्ता यांनी 1954 मध्ये ते तयार केलं. जळगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या चटयाही त्याच घराण्यातल्या. चटईवर चपला घासल्या तरी कुणी हाक ना बोंब; गाडीत मात्र नखाएवढा पांढरा चरा मालकाची झोप उडवतो.

दोष एकट्या पॉलिप्रॉपिलीनचा नाही. खानदेशी उन्हात बंद गाडीतला डॅशबोर्ड मऊ पडू नये, आकसू नये, म्हणून त्यात टाल्क, म्हणजे शंखजिऱ्याची पूड, मिसळतात. कडकपणा येतो, पण ओरखड्याखाली प्लास्टिक फाटतं, टाल्कचे कण उघडे पडतात, प्रकाश विखुरतो आणि काळ्या पृष्ठभागावर पांढरी रेघ उमटते. म्हणूनच प्रयोगशाळेत 1 मिलिमीटरच्या गोल टोकाने, सहसा 10 न्यूटन जोर लावून, जाळीसारखे ओरखडे काढतात. मग रंग किती उजळला ते यंत्राने मोजतात.

पहिला उतारा मोहरीच्या कुळातून आला. तिच्या तेलातल्या इरुसिक आम्लापासून बनणारं इरुकामाइड हळूहळू वर येऊन पृष्ठभाग निसरडा करतं, टोक रुतण्याऐवजी घसरतं. पण उन्हात ते जास्तच वर येतं, तेव्हा चिकटपणा वाढतो आणि काचेवर धूसर थर बसतो. त्यापेक्षा लांब साखळ्यांचे सिलिकोन टिकाऊ ठरले. ते सहजासहजी जागा सोडत नाहीत. महाग पडतात, एवढंच. जोडीला चामड्यासारखी रवाळ नक्षी असतेच, बारीक चरे तीत लपून जातात.

एवढं सगळं साधल्यावर आता फॅशन आलीय आरशासारख्या चकचकीत काळ्या पट्ट्यांची. कोरड्या फडक्याने धूळ पुसली तरी त्यांवर चरे दिसतात.