चाऱ्याचे वजन आणि चाऱ्याचा कस : एकोणिसाव्या शतकातील दोन संहिता

खतपाण्याने चारा वाढतो, हे कृषिविचारातील जुने गृहीतक आहे. मात्र वाढते ते केवळ वजन की कसही, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकातच उपस्थित झाला होता.

इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथे जॉन लॉझ आणि जोसेफ हेन्री गिल्बर्ट यांनी १८५६ मध्ये एका जुन्या कुरणाचे वाफे पाडले व त्यांना वेगवेगळी खते देण्यास प्रारंभ केला. लॉझ हे स्वतः सुपरफॉस्फेटचे उत्पादक. १८४२ मध्ये त्यांनी त्याचे एकस्व मिळविले होते. गवताच्या उत्पादनाचे मोजमाप हा प्रयोगाचा मूळ हेतू होता. हाती आले ते त्याहून व्यापक. अमोनियम क्षारांतून नत्र मिळालेल्या वाफ्यांत उत्पादन वाढले. पण भरड गवतांनी इतर वनस्पतींना हुसकावले आणि कालांतराने जमीन आम्लधर्मी झाली. नत्राविना स्फुरद व पालाश मिळालेल्या वाफ्यांत प्रथिनयुक्त द्विदल वनस्पती बळावल्या. खत न दिलेल्या वाफ्यांत गवत कमी, वनस्पतींचे वैविध्य मात्र विपुल राहिले.

या प्रयोगाचे तपशीलवार वृत्तान्त १८८० व १८८२ मध्ये प्रसिद्ध झाले. १८८३ मध्ये जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ सिद्ध केला. या दोन संहितांत प्रभावसंबंध शोधण्याचे कारण नाही. तुलना संभवते ती त्यांच्या विचारपद्धतींची. फुले यांच्या विवेचनात चारा हे अंतिम उत्पादन नसून एका साखळीतील दुवा आहे. जंगल खात्याने गायराने आणि डोंगर अडविले की गुरे उपाशी राहतात, शेण घटते, शेत निकस होते. म्हणूनच पावसाचे पाणी व त्याबरोबर येणारे सकस द्रव्य शेतात मुरावे यासाठी ताली-बंधारे घालावेत आणि गायराने गावांना परत करावीत, अशी त्यांची मागणी आहे.

वृत्तान्ताचे कोष्टक एकेक कारण सुटे करून तपासते. ‘असूड’ कारणांची साखळी जुळवितो. कोणत्या खताने कोणते गवत वाढते, हे ‘असूडा’तून कळत नाही, कुरण कोणाच्या ताब्यात आहे, हा प्रश्न कोष्टकाच्या कक्षेत येत नाही. चाऱ्याचा इतिहास केवळ उत्पादनाच्या आकड्यांवरून लिहिला गेला, तर रोथॅमस्टेडच्या वाफ्यांतून लोपलेल्या वनस्पती आणि गायरानाला मुकलेली गुरे ही दोन्ही त्यातून निसटतात.