म्हशीचा माज आणि रात्रीची लांबी

मुंबईंतील तबेले शहराबाहेर न्यावे या हेतूनें सरकारनें डहाणू-तलासरीच्या टापूंत, सरावलीसारख्या गांवांच्या मुलखांत, दापचरीचा दुग्धप्रकल्प उभारला. १९४९ सालीं आरे येथें जें आरंभिलें, त्याचाच हा पुढचा टप्पा. प्रकल्प पुढें मोडकळीस आला. त्याची चिकित्सा दुसऱ्या कोणीं करावी. आपणांस पाहावयाचें आहे तें तबेलेवाल्यांचें एक जुनें गाऱ्हाणें: उन्हाळ्यांत म्हैस माजावर येत नाहीं.

आली तरी तिचा माज मुका. रेड्याला कळला तर कळला, मालकाला कळत नाहीं. मग ती भाकड ठरे, आणि विकतच्या चाऱ्यावर भाकड जनावर पोसणें शहरांत परवडत नसल्यामुळें तिची वाट बहुधा कसाईखान्याकडे जाई. हा दोष तिचा होता काय?

उत्तराचा धागा गोठ्यापासून फार दूर सांपडला. मेंदूच्या मध्यभागींच्या पिनियल ग्रंथीला सतराव्या शतकांत देकार्तनें आत्म्याचें आसन मानिलें होतें. १९१७ सालीं मॅकॉर्ड व ॲलन यांनीं गुरांच्या या ग्रंथीचा अर्क बेडकाच्या पिलांस दिला, तों तीं फिकट पडलीं. १९५८ सालीं येल विद्यापीठांत ॲरन लर्नर यांनीं त्यांतील द्रव्य वेगळें काढून त्यास मेलाटोनिन हें नांव दिलें. हें द्रव्य रात्रीं स्रवतें व डोळ्यांवर उजेड पडतांच आटतें. रात्र जितकी मोठी तितका त्याचा अंमल दीर्घ. शरीराला ऋतु कळतो तो त्यावरून.

मौज ही कीं, एकाच निरोपाचा अर्थ प्रत्येक जनावर निराळा लावतें. मांजरी दिवस वाढूं लागले कीं माजावर येते. म्हणून दिव्यांनीं उजळलेल्या घरांतली मांजरी ऐन हिवाळ्यांतहि ओरडत फिरते. म्हैस नेमकी उलट. कार्तिक-मार्गशीर्षांतल्या लांब रात्रीं ती फळते आणि सुमारें ३१० दिवसांनीं, पावसाळ्याचा हिरवा चारा मुबलक असतांना, विते. इटलींतल्या म्हशींनींहि हा स्वभाव सोडलेला नाहीं. मोझरेला चीजला गिऱ्हाईक उन्हाळ्यांत आणि म्हशी वितात त्या शरदांत, ही तेथील गवळ्यांची अडचण.

सरावलीच्या अक्षांशावर वर्षांतील सर्वांत मोठा व सर्वांत लहान दिवस यांत जेमतेम अडीच तासांचें अंतर. तेव्हां सारें श्रेय उजेडाला देणें मला पटत नाहीं; उष्मा व चाऱ्याची टंचाई यांचाहि वाटा मोठा आहे. तरी पंजाबांत, उन्हाळ्यांत न माजणाऱ्या म्हशींच्या कानाच्या मुळाशीं कातडीखालीं मेलाटोनिनच्या बारीक गोळ्या बसविल्यावर त्यांतल्या बऱ्याच माजावर आल्या. त्या वांझ नव्हत्या. मुंबईच्या तबेल्यांतून वैशाखांत विकल्या गेलेल्यांपैकींहि कित्येक नसाव्यात.