आखूड स्कर्टाची लांबलचक गोष्ट

काल हिंजवडीहून घरी येताना वाकडच्या सिग्नलला माझ्यापुढे एक लाल मिनी उभी होती. सिग्नल तीनदा हिरवा झाला तरी कुणी हललं नाही, त्यामुळे विचार करायला भरपूर वेळ. तेव्हा आठवलं, मिनी स्कर्टला ते नाव या गाडीवरूनच मिळालंय. गाड्यांच्या गावात राहून ही गोष्ट सांगायची नाही म्हणजे काय!

तर मंडळी, मिनी मोटार आली 1959 साली. लंडनच्या किंग्ज रोडवर मेरी क्वांट या बाईंचं 'बझार' नावाचं दुकान त्याआधीपासून, म्हणजे 1955 पासून होतं. गिऱ्हाईक तरुण पोरी. "अजून आखूड करा" हा त्यांचा हट्ट. साठच्या दशकात स्कर्ट गुडघ्याच्या बराच वर गेला आणि बाईंनी त्याला आपल्या आवडत्या गाडीचं नाव दिलं. पॅरिसच्या आंद्रे कूरेजचं म्हणणं, शोध माझा. क्वांटबाईंचं उत्तर मला फार आवडतं : ना माझा ना त्याचा, रस्त्यावरच्या पोरींचा. 2023 मध्ये वयाच्या 93व्या वर्षी त्या गेल्या.

यात एक मस्त बग पण होता. ब्रिटनमध्ये तेव्हा मोठ्यांच्या कपड्यांवर खरेदीकर होता, लहान मुलांच्या कपड्यांवर नव्हता. आणि लहान मुलीचा स्कर्ट कुठला, हे ठरायचं लांबीवरून! मिनी आपोआप करमुक्त. पुढे सरकारला व्याख्या बदलावी लागली. (रिक्वायरमेंट नीट न लिहिल्याचे परिणाम.)

पण मला वाटतं, गोष्टीची खरी मेख इथेच आहे. आपल्याकडे वय वाढलं की कपडा खाली उतरतो. आधी फ्रॉक, मग परकर-पोलकं, मग साडी. मिनीने हे उलटं केलं. वाढलेल्या पोरींनी लहानपणीची लांबी परत मागितली.

भारतात ती गाजली 1973 च्या 'बॉबी'मुळे. सोळा वर्षांची डिंपल, ठिपक्यांचा गाठ मारलेला टॉप आणि तो स्कर्ट. राज कपूर हुशार माणूस. स्कर्ट दिला गोव्याच्या ख्रिश्चन कोळ्याच्या मुलीला. म्हणजे प्रेक्षकांनी मनसोक्त बघायचं आणि "त्यांच्यात चालतं" म्हणून घरी जायचं. त्यातल्या राजदूत मोटरसायकललाही लोक 'बॉबी'च म्हणू लागले. तिकडे गाडीवरून स्कर्टाला नाव, इकडे पिक्चरवरून गाडीला!

मिनीच्या मागोमाग मिडी आणि मॅक्सी आल्या. मिडी आमच्या मावश्यांनी वाढदिवसाला घातली, अल्बममध्ये पुरावे आहेत. मॅक्सीचं नशीब वेगळंच. विलायतेत मिरवायला निघालेली ही बया मराठी घरात शिरली आणि ओट्यापाशी स्थिरावली. आजही आमच्या सोसायटीत सकाळी दूध घ्यायला बाहेर येते ती मॅक्सीच, खांद्यावर ओढणी टाकून.

आणि मिनी? कॉलनीत ती फक्त शाळेच्या गणवेशात दिसे, तीही चुकून. पिंपरी कॅम्पातून कापड आणून स्कर्ट 'वाढत्या अंगाचा' शिवायचे, आत चार बोटं दुमड. दरवर्षी आई ती थोडी उसवायची, जुन्या घडीची गडद रेघ राहायची. दुमड संपली, पोरगी वाढतच राहिली, की झाली मिनी. मग आठवीपासून गणवेशच पंजाबी ड्रेसचा.

1998 ला 'कुछ कुछ होता है' आला. राणी मुखर्जीचे ते स्कर्ट बघून अकरावीतल्या आमच्या ताईने पुण्याच्या फॅशन स्ट्रीटवरून घासाघीस करून एक डेनिमचा आणला. आईने तो हातात धरून उलटसुलट पाहिला आणि म्हणाली, "चौथीत होतीस तेव्हा घालायचास." बाबा थर्ड शिफ्ट करून झोपले होते, त्यांना काही कळलं नाही. निदान तसं दाखवलं तरी.

गॅदरिंगला मात्र परवानगी मिळाली, कारण ग्रुप डान्स होता. जाताना वरून ट्रॅकपँट, स्टेजवर स्कर्ट, येताना पुन्हा ट्रॅकपँट. पुढच्या रांगेतल्या ज्या काका-काकूंनी टाळ्या वाजवल्या, त्यांच्याच दारावरून घरी यायचं होतं ना! ताईने विचारलं, "स्टेजवर पाय दिसत नाहीत का?" आई काही बोलली नाही. ताईसुद्धा मग दोन दिवस आईशी बोलली नाही.

तो स्कर्ट पुन्हा बाहेर पडला तो पिशवी होऊन. आईनेच शिवली. मागचे दोन्ही खिसे तसेच ठेवलेत, मंडईत सुट्टे पैसे ठेवायला.